घरी बनवलेला अ‍ॅम्प्लिफायर: वाहवा झाली, आता पैशाचं बोलू



चॅनलवर आपण मसाले, पापड, कापडी पिशव्या, प्रिंटिंग असं बरंच काही बघितलं. आजचा विषय जरा वेगळा आहे. हा लेख त्यांच्यासाठी, ज्यांच्या खोलीच्या कोपऱ्यात सोल्डरिंग गन कायम पडलेली असते, ड्रॉवरमध्ये जुन्या टेपरेकॉर्डरच्या पाट्या साठवलेल्या असतात आणि ज्यांनी जोडलेला अ‍ॅम्प्लिफायर गल्लीतल्या प्रत्येक वाढदिवसाला वाजतो.

"भावा, एकदम कडक वाजतोय!" हे तुम्ही शंभर वेळा ऐकलंय. आता आठवून बघा, "किती द्यायचे?" असं किती जणांनी विचारलं?

माझ्या एका कार्यशाळेत सांगलीकडचा एक मुलगा आला होता. आयटीआय झालेला, एमआयडीसीत कंत्राटी नोकरी. रात्री घरी अ‍ॅम्प्लिफायर जोडायचा, आणि हात खरंच चांगला. फोनमधले फोटो दाखवले तर वायरिंग असं की नजर हटू नये. त्याचा प्रश्न सरळ होता, "सर, नोकरी सोडू का? एका अ‍ॅम्पमागे नऊशे रुपये सुटतात. महिन्याला वीस केले तर अठरा हजार."

मी त्याला म्हटलं, वही काढ.

सामान २,६०० रुपयांचं, विक्री ३,५०० ला. म्हणजे नऊशे. बरोबर. आता त्यात सोल्डर, स्लीव्ह, स्क्रू, वायर, हीट सिंकची पेस्ट धर, १२० रुपये. सामान आणायला पुण्याला फेरी, ती चार नगांत वाटली तरी नगामागे १५० रुपये. जळालेल्या आयसी आणि बाजारात माथी मारलेला नकली माल, नगामागे सरासरी २०० रुपये, हा त्याचाच अंदाज. विकल्यानंतर "जरा बघून जा ना" म्हणून मारलेल्या चकरांचं पेट्रोल, १०० रुपये. राहिले ३३० रुपये. एक नग करायला किती तास? तो म्हणाला, "चौदा." म्हणजे तासाला चोवीस रुपयेसुद्धा नाहीत.

मुलगा गप्प झाला. मी त्याला नाउमेद करत नव्हतो, बरं का. आकडे लिहून काढले की दुखतं कुठे ते कळतं. आम्ही पुढे विचारलं, की चौदा तास जातात कुठे? सर्किट जोडायला अडीच तास. टेस्टिंगला दीड-दोन. आणि डबा! पत्रा कापणं, भोकं पाडणं, कानस मारणं, रंग, पॅनेलवरची अक्षरं, यात सात तासांच्या वर. प्रत्येक वेळी डबा वेगळा, कारण प्रत्येक गिऱ्हाईक वेगळं काहीतरी मागतं आणि हा "हो, करून देतो" म्हणतो.

हे वाचताना तुम्हाला स्वतःची वही आठवत असेल तर पुढचं नीट वाचा.

सर्किट फुकट आहे, मग विकायचं काय?

या धंद्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि तो जुना आहे. १९४७ साली इंग्लंडमध्ये डी. टी. एन. विल्यमसन या इंजिनिअरने 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात एका व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचं डिझाइन छापलं. सगळं उघड. कुणीही वाचावं आणि घरी बांधावं. त्या काळात बाजारात मिळणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरपेक्षा आवाज इतका स्वच्छ, की देशोदेशीच्या हौशी लोकांनी तो घरी बांधला. आजही जुनी मंडळी 'विल्यमसन' म्हणाली की तेच सर्किट.

पण त्यात एक मेख होती. सर्किट जोडणं सोपं, त्यातला आउटपुट ट्रान्सफॉर्मर बनवणं मात्र अवघड. तो नीट गुंडाळलेला नसेल तर अ‍ॅम्प्लिफायर वाजायच्या ऐवजी शिट्टी मारायचा. मग पैसे कोणी कमावले? ज्यांनी तो ट्रान्सफॉर्मर चांगला बनवून विकला त्यांनी. अमेरिकेत डेव्हिड हाफलर हा त्यातलाच एक. आधी ट्रान्सफॉर्मर विकले, मग त्याच्याभोवती अख्खं किटच विकायला काढलं. त्याच्या डायनाको कंपनीचा 'स्टीरिओ ७०' हा १९५९ चा अ‍ॅम्प्लिफायर, दर चॅनलला ३५ वॅट. त्यातलं जे नाजूक काम, म्हणजे छापील सर्किट पाटी, ती कारखान्यातून जोडून यायची. बाकीच्या मोठमोठ्या वायरी गिऱ्हाइकाने घरी जोडायच्या. ज्याला तेवढंही जमत नाही त्याला जोडलेला तयार मिळायचा, थोडे पैसे जास्त देऊन. हा एकच मॉडेल वर्षानुवर्षं चालला आणि लाखांनी खपला.

आता आपल्याकडे या. आज टीडीए २०३०, ४४४०, टीडीए ७२९४ यांची सर्किटं कंपनीच्याच डेटाशीटमध्ये छापलेली आहेत. टीपीए ३११६ ची क्लास-डी पाटी चीनमधून तयार येते, काही शे रुपयांत. म्हणजे पाटीचा धंदा संपला, त्यात तुम्ही चीनशी भिडू नका. मग गिऱ्हाइकाला स्वतःला न जमणारं काय उरलं? नीट ट्रान्सफॉर्मर. गरम न होणारा, शॉक न देणारा डबा. घूं असा आवाज न येणारं वायरिंग. आणि बिघडला तर कुणाला फोन करायचा ते. तुमच्या मालात विकण्यासारखं हेच आहे. पाटी विकत आणलीत तरी काही कमीपणा नाही.

सांगलीच्या मुलाने काय केलं ते सांगतो. नऊ मॉडेल बंद, एकच ठेवलं. डब्याचं ड्रॉइंग काढून लेझर कटिंगवाल्याकडून पंचवीस डबे एकदम कापून, पावडर कोटिंग करून घेतले. चौदा तासांचे साडेपाच झाले. भाव ३,५०० चा ४,८०० केला, सोबत एक वर्षाची लेखी गॅरंटी. दोन मित्र तुटले, ते तसेही उधारीवालेच होते.

वॅटचं खोटं

बाजारात जा, १२ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर चालणारा चिमुकला डबा आणि वर छापलेलं "५०० वॅट". तुमचा अ‍ॅम्प शेजारी ठेवला तर गिऱ्हाईक विचारणार, "तुमचा फक्त ३६ वॅट?" इथे बहुतेक जण घाबरतात आणि आपल्याही डब्यावर ५०० चिकटवतात. नका चिकटवू. गणित समजून घ्या आणि गिऱ्हाइकालाही कागदावर करून दाखवा.

१२ व्होल्टवर साधा अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरला वर-खाली जास्तीत जास्त ६-६ व्होल्ट देऊ शकतो. ४ ओहमच्या स्पीकरमध्ये त्याची पॉवर होते ६ गुणिले ६, भागिले ८. म्हणजे साडेचार वॅट. ब्रिजमध्ये जोडला, म्हणजे स्पीकरच्या दोन्ही टोकांना अ‍ॅम्प जोडला, तर १२ गुणिले १२ भागिले ८, म्हणजे १८ वॅट. तेही कागदावर, आयसी स्वतः एक थेंबही खात नाही असं धरून. आत व्होल्टेज वाढवणारं वेगळं सर्किट नसेल तर १२ व्होल्टमधून याच्या वर स्वच्छ आवाज निघत नाही. ५०० येतात कुठून? पीएमपीओ नावाच्या आकड्यातून, ज्याची कुठे धड व्याख्याच नाही.

आता तुमचा घ्या. १२-०-१२, ५ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर. रेक्टिफायर आणि कपॅसिटरनंतर साधारण अधिक-उणे १६ व्होल्ट मिळतात. टीडीए २०३०ए ही आयसी एवढ्या व्होल्टवर ४ ओहममध्ये १८ वॅटच्या आसपास देते. दोन चॅनलचे ३६. ट्रान्सफॉर्मर आहे १२० व्हीएचा, म्हणजे तो रडणार नाही. हे ३६ वॅट खरे आहेत. मोजून दाखवता येतात.

वॅटचा हा आजार फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेतही कंपन्या असेच फुगवलेले आकडे छापायच्या. शेवटी १९७४ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनला नियम करावा लागला, की घरगुती अ‍ॅम्प्लिफायरच्या जाहिरातीत पॉवर सांगायची तर ती कशी मोजली तेही सांगा.

आणि एक गोष्ट गिऱ्हाइकाला जरूर सांगा. वॅट दुप्पट केले तर आवाज दुप्पट वाटत नाही, ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे जरासा. स्पीकरवर सेन्सिटिव्हिटी लिहिलेली असते. ८७ डेसिबलचा स्पीकर काढून ९३ चा लावला, तर तेवढ्याच आवाजाला वॅट एक चतुर्थांश लागतात. ज्याला तुम्ही हे समजावता, तो अ‍ॅम्प तुमच्याकडून घेतोच, पण स्पीकर कुठला घेऊ हेही तुम्हालाच विचारतो. सल्ल्याचे पैसे लावायचे की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी तर म्हणतो लावा.

दाखवायचं कसं?

आता मुद्द्याचं. तुम्ही अ‍ॅम्प बनवता, फोन समोर धरता, गाणं फुल्ल करता, रील टाकता. लाइक येतात, ऑर्डर येत नाही. कारण? बघणारा तुमचा अ‍ॅम्प कुठे ऐकतोय? तो ऐकतोय स्वतःच्या फोनचा बोटभर स्पीकर. त्याआधी तुमच्या फोनच्या माइकने मोठा आवाज दाबला आणि छोटा वाढवला, फोन हे आपोआप करतो. तुमचा बास तिथेच मेला. पाच हजारांचा अ‍ॅम्प आणि पाचशेचा अ‍ॅम्प, फोनवर दोन्ही सारखेच ऐकू येतात. वर सिनेमाचं गाणं वाजवलंत तर कॉपीराइटचा दावा येतो तो वेगळाच.

म्हणून व्हिडिओत डोळ्यांना दिसेल ते दाखवा. काय काय दिसू शकतं?

झाकण उघडा. ट्रान्सफॉर्मर कुठे, इनपुटच्या वायरी त्याच्यापासून किती लांब, ग्राउंड सगळे एका बिंदूला कसे आणलेत, मेनच्या वायरीवर स्लीव्ह आहे का. आतलं काम सुबक असेल तर हाच तुमचा सर्वांत चांगला व्हिडिओ. चिनी डबेवाला झाकण उघडत नाही.

मग शांतता दाखवा. हो, शांतता! इनपुट शॉर्ट करा, व्हॉल्यूम पूर्ण वाढवा, मल्टिमीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टोकांना लावा. आकडा दोन-चार मिलिव्होल्ट असेल तर तो कॅमेऱ्यासमोर धरा आणि सांगा, "हा घूं करत नाही." ज्याने घूं करणारा अ‍ॅम्प घरात सोसलाय त्याला याचं मोल लगेच कळतं.

मग वॅट. स्पीकरच्या जागी ४ ओहम, १०० वॅटचा अ‍ॅल्युमिनियमच्या कवचातला रेझिस्टन्स लावा, हीट सिंकवर आवळून, कारण तो चटका बसेल इतका तापतो. याला डमी लोड म्हणतात. फोनवरच्या टोन जनरेटर अ‍ॅपमधून १०० हर्ट्झचा सूर द्या. स्वस्त मल्टिमीटर १,००० हर्ट्झला चुकीचं दाखवतात, म्हणून १०० च. व्होल्टेज वाचा, त्याचा वर्ग करा, ४ ने भागा. साडेआठ व्होल्ट आले तर १८ वॅट. लाट चपटी व्हायला लागली का हे बघायला हातात मावणारा छोटा ऑसिलोस्कोप पुरतो. ब्रिजवाला अ‍ॅम्प असेल तर सांभाळून! त्याच्या स्पीकरचं एकही टोक ग्राउंड नसतं. स्कोपची ग्राउंडची चिमटी तिथे लावली आणि ती कुठूनही ग्राउंडला पोहोचली, तर आयसी गेलीच समजा.

शेवटी तासभर चालवून हीट सिंकचं तापमान दाखवा. तासाचा व्हिडिओ टाकू नका, घड्याळ आणि थर्मामीटर दोन्ही एका चौकटीत दाखवले की झालं.

समोरासमोर दाखवायची वेळ आली तर वेगळं तंत्र. दुकानात किंवा घरी बोलवू नका, तुम्हीच गिऱ्हाइकाकडे जा. त्याचा स्पीकर, त्याची खोली, त्याचं गाणं. तुमचं पाठ असलेलं, बास ठोकणारं गाणं लावलंत तर तो मनात म्हणतो, याने गाणं निवडून आणलंय. त्याच्या आवडीचं भावगीत असेल तर भावगीत लावा.

आणि त्याच्या जुन्या अ‍ॅम्पशी तुलना करताना दोघांचा आवाज आधी सारखा करून घ्या, टोन लावून, मल्टिमीटरने, स्पीकरच्या टोकांवर. कान फसवे असतात. एखादा डेसिबल जास्त वाजणारा अ‍ॅम्प नेहमी 'चांगला' वाटतो. हे माहीत असलेले काही जण आपला अ‍ॅम्प गुपचूप चढवून ठेवतात. त्या दिवशी विक्री होते, महिन्याने गिऱ्हाईक घरी शांतपणे ऐकतो आणि त्याला कळतं की फरक व्हॉल्यूमचाच होता. गाव लहान असतं मंडळी.

माइकला ओठ लागला की झिणझिण्या

हा भाग वगळून पुढे जाऊ नका. मंदिरात, मांडवात, भजनाला हा अनुभव तुम्ही घेतलाय. माइकला ओठ टेकला की झिणझिण्या येतात आणि बुवा माइकवर रुमाल गुंडाळून गातात. सगळे हसतात. यात हसण्यासारखं काही नाही. अ‍ॅम्प्लिफायरचा धातूचा डबा अर्थिंगला जोडलेला नाही, टू-पिन लावलीय, ट्रान्सफॉर्मरमधून थोडा करंट डब्यावर येतोय आणि माइकच्या वायरीच्या जाळीतून ओठांपर्यंत पोहोचतोय, असा त्याचा अर्थ. आज झिणझिण्या आहेत. उद्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन पूर्ण गेलं, खाली पावसाने भिजलेली जमीन असली, तर तोच माइक माणूस घेतो.

तुमच्या नावाच्या डब्यातून हे होता कामा नये. थ्री-पिनच वापरा. अर्थची वायर डब्याला, रंग खरवडून, दातेरी वॉशर टाकून, स्वतंत्र बोल्टने आवळा. फ्यूज फेजमध्ये, ट्रान्सफॉर्मरच्या आधी, आणि योग्य मापाचा. वायर खेचली तरी आत तुटू नये म्हणून ग्रोमेट आणि गाठ किंवा क्लँप. डिलिव्हरीला जाल तेव्हा गिऱ्हाइकाच्या सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का ते तपासा. नसेल तर सांगा, आणि बिलावर लिहा. पहिल्यांदा चालू करताना नेहमी १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून चालू करा. काही शॉर्ट असेल तर बल्ब पेटतो, तुमचं सामान वाचतं. आणि आउटपुटला डीसी व्होल्टेज मोजल्याशिवाय स्पीकर लावूच नका. पंचवीस-तीस मिलिव्होल्टपर्यंत ठीक, एक व्होल्ट दिसला तर थांबा.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. २,००० वॅट आणि त्यावर इनपुट पॉवर असलेले अ‍ॅम्प्लिफायर बीआयएसच्या सक्तीच्या नोंदणीत येतात, तुमचा छोटा अ‍ॅम्प त्यात येत नाही. पण स्पीकरसकट ब्लूटूथचा डबा केलात तर गोष्ट बदलते, ब्लूटूथ स्पीकर त्या यादीत आहे. म्हणून सुरुवातीला वायरचं इनपुट असलेला, स्पीकर वेगळा असा अ‍ॅम्प करा. सोबत अ‍ॅडॉप्टर देत असाल तर बीआयएसचा नोंदणी क्रमांक छापलेलाच द्या. विकण्याआधी बीआयएसच्या संकेतस्थळावरची ताजी यादी एकदा बघा, त्यात भर पडत असते. जीएसटी नोंदणी वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर माल विकणाऱ्याला आपल्या राज्यात सक्तीची नाही, पण कर्नाटकात किंवा गोव्यात एक नग जरी पाठवायचा तरी नोंदणी लागते. सांगली-कोल्हापूरच्या मुलांनी हे विशेष लक्षात ठेवा, सीमा जवळ आहे. उद्यम नोंदणी फुकट असते, ती करून टाका आणि त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

आणि कृपा करून मोठ्या कंपनीचा स्टिकर लावू नका! लॅमिंग्टन रोडला किंवा तपकीर गल्लीत तसले स्टिकर सहज मिळतात, गिऱ्हाईकही कधी कधी स्वतःच मागतं. ट्रेडमार्क कायद्याखाली याला कैद होऊ शकते. आणि स्टिकर लावून तुम्ही केलेल्या कष्टाचं नाव दुसऱ्याला देता, तेही फुकट.

गिऱ्हाईक कोण?

बहुतेक मुलांच्या डोळ्यासमोर डीजे असतो. मोठे टॉप, लेझर, हजारो वॅट. माझं मत विचाराल तर सुरुवातीला तिकडे जाऊ नका. हंगाम दोन-तीन महिन्यांचा, भांडवल मोठं, उधारी त्याहून मोठी. नगाचे पैसे विसर्जनानंतर, म्हणजे कधी ते गणपतीलाच माहीत. शिवाय २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं, तेवढंच. रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. तुमचा अ‍ॅम्प पोलिस ठाण्यात जमा झाला की गिऱ्हाईक पैसे द्यायचं थांबतं.

त्यापेक्षा बघा, भजनी मंडळ. दोन माइक, एक हार्मोनियम, आवाज स्वच्छ हवा, घूं नको, शॉक नको. दरवर्षी नवीन मंडळं तयार होतात, जुन्यांचे अ‍ॅम्प दुरुस्तीला येतात. खासगी क्लास, तालीम, छोटं हॉटेल, किराणा दुकानात दिवसभर रेडिओ लावणारे काका, यांना कुणाला ५०० वॅट नकोत.

दिंडीचं तर मला फार आवडतं. वीणेकऱ्याच्या मागे गाडीवर किंवा खांद्यावर चालेल असा, बॅटरीवरचा अ‍ॅम्प. इथे क्लास-डी खरा कामाचा. वीज वाया घालवत नाही, त्यामुळे हीट सिंक छोटा, वजन कमी. १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ८४ वॅट-अवर. बोलण्या-गाण्यात सरासरी पॉवर ही कमाल पॉवरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच असते, म्हणून सरासरी ८-१० वॅट खाणारा अ‍ॅम्प कागदावर आठ तास जातो, प्रत्यक्षात पाच-सहा धरा. लेड बॅटरी पूर्ण उतरवली की ती लवकर मरते, हे मंडळाला सांगून ठेवा. आषाढी वारीसाठी माल वैशाखातच तयार हवा. ट्रान्सफॉर्मर आणि डब्यांची ऑर्डर त्याच्या दीड-दोन महिने आधी.

सांगलीच्या मुलाला मी म्हटलं होतं, वीस अनोळखी गिऱ्हाइकांनी पूर्ण पैसे देऊन घेतल्याशिवाय नोकरी सोडायची नाही. मित्र, मावसभाऊ, कॉलनीतले काका धरायचे नाहीत. तो अजून नोकरीत आहे. महिन्याला तीन-चार नग जातात. पण मजा बघा, त्याचे व्हिडिओ बघून लोक दुसऱ्यांचे बिघडलेले अ‍ॅम्प त्याच्याकडे आणायला लागले आणि गेले काही महिने दुरुस्तीचे पैसे नव्या अ‍ॅम्पपेक्षा जास्त आहेत. त्याला हे फारसं आवडलेलं नाही. त्याला बनवायचे असतात. मी त्याला एवढंच म्हटलं, दुरुस्तीला आलेला प्रत्येक डबा उघडलास की कुठला भाग आधी मरतो ते वहीत लिही. आता त्याच्या वहीत पन्नासच्या वर नोंदी आहेत. पाठीमागचे सॉकेट आणि व्हॉल्यूमचं कंट्रोल सगळ्यात पुढे. म्हणून त्याने आपल्या मॉडेलमध्ये ते दोन्ही महागातले घातले, नगामागे ९० रुपये वाढले आणि "जरा बघून जा ना"चे फोन कमी झाले.

पैसे घेण्याबद्दल शेवटचं. निम्मे आगाऊ, निम्मे डिलिव्हरीला टेस्ट दाखवल्यावर. प्रत्येक डब्याला क्रमांक द्या, आत एक कागद चिकटवा, त्यावर तारीख, मोजलेले वॅट, घूंचे मिलिव्होल्ट आणि तुमची सही. त्याचा फोटो स्वतःकडे ठेवा. गॅरंटीत काय येतं आणि काय नाही तेही त्याच कागदावर. फुटलेला स्पीकर, पाणी गेलेला अ‍ॅम्प, दुसऱ्याने उघडलेला डबा, हे गॅरंटीत नाही. तोंडी सांगितलेलं दोन्ही बाजूंना वेगवेगळं आठवतं.

डमी लोड कसा जोडायचा आणि मल्टिमीटरवर वॅट कसे मोजायचे याचा सतरा मिनिटांचा व्हिडिओ चॅनलवर टाकलाय. कॉस्टिंगचा कोरा तक्ताही त्याच व्हिडिओखाली आहे. तुमच्या एका अ‍ॅम्पचे आकडे त्यात भरा, वेळेचा रकाना रिकामा सोडू नका, आणि तासाला किती रुपये येतात ते आम्हाला कळवा.